स्तनकर्करोगाचा उपचार : शस्त्रक्रियेच्या विस्तारापासून पुराव्याच्या कसोटीपर्यंत

प्रस्तावना
वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु एखादा उपचार यशस्वी झाला असे कोणत्या मोजमापावरून म्हणावयाचे, या प्रश्नालाही स्वतःचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात स्तनकर्करोगाच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

हॉल्स्टेड यांची पद्धत
बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये ५० रुग्णांवरील शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू व काखेतील लसिकाग्रंथी या शस्त्रक्रियेत एकत्रितपणे काढल्या जात. कर्करोग लसिकावाहिन्यांतून टप्प्याटप्प्याने पसरतो, अशी त्यामागील धारणा होती. शस्त्रक्रियेच्या जागी रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण पुष्कळच घटले. तथापि, त्यामुळे आयुष्य वाढतेच असे सिद्ध होत नव्हते. तरीही सुमारे ७५ वर्षे हीच शस्त्रक्रिया प्रमाण मानली गेली. खोलगट झालेली छाती, सुजलेला हात आणि आखडलेला खांदा ही तिची किंमत असंख्य स्त्रियांनी मोजली.

तुलनात्मक चाचण्या
कर्करोगपेशी आरंभीच रक्तावाटे शरीरभर पसरू शकतात, असे पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी प्रतिपादन केले. १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या चाचणीत १,६६५ स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने गटवारी करण्यात आली. स्नायूंसह केलेली मूलगामी शस्त्रक्रिया आणि केवळ स्तन काढण्याची शस्त्रक्रिया यांमध्ये जीवितमानाच्या दृष्टीने लक्षणीय फरक आढळला नाही. १९७६ मध्ये सुरू झालेल्या पुढील चाचणीत केवळ गाठ काढण्याचा पर्याय तपासला गेला. तिचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जीवितमान समान होते; मात्र त्याच स्तनात रोग परतण्याचे प्रमाण किरणोपचाराविना सुमारे ३९ टक्के, तर किरणोपचारासह १४ टक्के होते. मिलान येथील उंबेर्तो व्हेरोनेसी यांच्या चाचणीनेही त्याच वर्षी स्तन राखणाऱ्या शस्त्रक्रियेस दुजोरा दिला.

मुंबईतील चाचणी
पुढे हीच कसोटी निदानाच्या पद्धतीलाही लावली गेली. मॅमोग्राफी खर्चिक असल्याने टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रगत अवस्थेतील रुग्णांचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के, तर तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के होते. मृत्युदरातील एकूण १५ टक्के घट मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत ती सुमारे ३० टक्के व लक्षणीय होती. त्याहून तरुण स्त्रियांत असा लाभ दिसला नाही.

समारोप
हॉल्स्टेड यांच्या अहवालाचा भर जागेवर परतणाऱ्या रोगाच्या मोजणीवर होता. नंतरच्या चाचण्यांनी वाचलेले जीव मोजले व आपल्या निष्कर्षांच्या मर्यादाही नोंदवल्या. शस्त्रक्रियेचा आवाका घटला तो केवळ नव्या उपकरणांमुळे नव्हे, तर या बदललेल्या मोजणीमुळे आणि तिच्यात सहभागी होण्यास तयार झालेल्या हजारो स्त्रियांमुळे.