अमेरिकेचा जोडीदार व्हिसा: मुंबईतल्या मुलाखतीआधी कागदपत्रांची तयारी कशी करावी?

अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक भारतातल्या आपल्या पतीला किंवा पत्नीला कायमचे तिकडे बोलावतो, तेव्हा त्या प्रक्रियेतला शेवटचा मोठा टप्पा म्हणजे व्हिसाची मुलाखत. भारतात या मुलाखती मुख्यतः मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होतात. अधिकाऱ्याचे प्रश्न बहुधा काही मिनिटांत संपतात. त्याचा निर्णय मात्र मुख्यतः समोरच्या फाइलवर ठरतो.

फाइलमधून दोनच गोष्टी सिद्ध व्हायच्या असतात. सगळ्या कागदांवरची व्यक्ती एकच आहे आणि लग्न खरे आहे. कागद जमवताना लोक संख्येकडे पाहतात, आणि ते एकमेकांशी जुळतात का हे तपासायचे राहून जाते. जन्मदाखल्यावर बाळाचे नावच नाही, हे मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात लक्षात आले तर दुरुस्तीला वेळ उरत नाही, आणि आधीच वर्ष-दीड वर्ष दूर राहिलेल्या नवरा-बायकोची ताटातूट आणखी लांबते.

फाइल मुंबईपर्यंत कशी येते?

सुरुवात अमेरिकेतल्या जोडीदाराने यूएससीआयएस या खात्याकडे भरलेल्या आय-१३० अर्जाने होते. तो मंजूर झाला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते. तिथे ३२५ डॉलर व्हिसा शुल्क आणि १२० डॉलर आर्थिक हमीपत्राचे शुल्क भरायचे, डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज भरायचा आणि कागदपत्रांच्या स्कॅन प्रती अपलोड करायच्या. नागरिकाच्या जोडीदारासाठी वार्षिक कोटा नाही. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र एफ-२ए या गटाच्या रांगेत थांबावे लागते आणि ‘व्हिसा बुलेटिन’वर लक्ष ठेवावे लागते.

एनव्हीसीने कागद पूर्ण असल्याचे कळवले म्हणजे काम झाले, असा समज सर्रास आढळतो. तिथे स्कॅन तपासलेले असतात. मुंबईत मूळ कागद दाखवावे लागतात आणि तिथला अधिकारी त्यांकडे नव्याने पाहतो.

जन्मदाखला

भारतात जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकाने दिलेला दाखला लागतो, आणि त्यावर अर्जदाराचे नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण आणि आई-वडिलांची नावे हवीत. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र किंवा आधार कार्ड त्याच्या जागी चालत नाही.

महाराष्ट्रातल्या जुन्या नोंदींत एक नेहमीची अडचण आहे. बारसे बाराव्या दिवशी, आणि रुग्णालयाकडून नोंद त्याआधीच गेलेली. नंतर नाव घालायला कुणी फिरकलेच नाही, म्हणून दाखल्यावर नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. नोंदणीनंतर बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. त्यापुढच्यांसाठी वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे. ती सध्या चालू आहे का, हे संबंधित निबंधक कार्यालयातच विचारावे.

जन्माची नोंदच झाली नसेल तर त्याच कार्यालयाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यायचे. सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या आई-वडिलांची किंवा जवळच्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडायची. नुसती प्रतिज्ञापत्रे पुरत नाहीत. एक वर्ष उलटून गेल्यावर नव्याने जन्मनोंद करायची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि त्याला बराच वेळ जाऊ शकतो. म्हणून दाखल्याचे काम आय-१३० भरला त्याच महिन्यात हाती घेणे उत्तम.

दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे. भाषांतर अचूक असून आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे भाषांतरकाराने खाली सहीनिशी लिहून द्यायचे असते. महाराष्ट्रातले अलीकडचे दाखले दोन्ही भाषांत छापलेले असतात, त्यामुळे जुन्याचे भाषांतर करत बसण्यापेक्षा नवी प्रत काढणे सोपे पडते.

नावांचा गुंता

मराठी पद्धतीत मधले नाव वडिलांचे. लग्नानंतर मुलीच्या नावात तिथे नवऱ्याचे नाव येते आणि आडनावही बदलते. काही घरांत तर ताटात तांदूळ पसरून त्यात नवे नाव लिहितात आणि पहिले नावही बदलते. जन्मदाखला आणि पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, बँकेचे खाते दोन्हींच्या मिश्रणाने, असा प्रकार मग घडतो.

लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे, असा कायदा नाही. अर्ज चालू असताना पासपोर्टवरचे नाव आहे तेच ठेवणे सर्वांत सुटसुटीत. पासपोर्ट नव्या नावाने काढलाच असेल, तर जुने नाव आणि नवे नाव यांना जोडणारा कागद म्हणजे विवाह प्रमाणपत्र. पहिले नावही बदलले असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी जोडावी. डीएस-२६० मध्ये ‘यापूर्वी वापरलेली नावे’ असा रकाना असतो. तिथे माहेरचे नाव न विसरता लिहावे.

स्पेलिंगमधल्या एखाद्या अक्षराच्या फरकाला ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र बहुधा पुरते. जन्मतारखेतला किंवा आईच्या नावातला फरक मात्र मूळ कागदात दुरुस्त करून घ्यावा. आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधीच भरून घ्यावा, नाहीतर अमेरिकी कागदांवर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’ असे छापले जाते आणि तिकडे बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत ते निस्तरत बसावे लागते.

लग्न कधी झाले?

प्रश्न साधा वाटतो, पण इथेच घोटाळे होतात. गुरुजींनी किंवा मंगल कार्यालयाने दिलेला कागद पुरेसा नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाह निबंधकाकडे नोंदलेल्या लग्नाचे प्रमाणपत्र लागते, किंवा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालचे. विशेष विवाहासाठी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, त्यामुळे सुट्टी काढून पंधरा दिवसांसाठी आलेल्या मुलाने तो बेत आयत्या वेळी आखू नये. गोव्यात निबंधकासमोरची नागरी नोंदणी बंधनकारक आहे. देवळातला किंवा चर्चमधला विधी तिची जागा घेत नाही.

आता नेहमीचा प्रसंग. मुलगा अमेरिकेत, म्हणून अर्ज लवकर भरता यावा यासाठी जानेवारीत नोंदणी विवाह उरकतात आणि वाजतगाजत लग्न डिसेंबरात. कायद्याने लग्नाची तारीख जानेवारीची, पण पत्रिका, फोटो आणि नातेवाइकांची आठवण डिसेंबरची. यात गैर काही नाही. मात्र अर्जात सगळीकडे जानेवारीचीच तारीख हवी आणि दोन समारंभ का झाले, हे विचारल्यावर सरळ सांगता आले पाहिजे. मधल्या काळात एखाद्या पर्यटक व्हिसाच्या अर्जात ‘अविवाहित’ लिहिलेले असेल तर ते मोठे संकट. जुने अर्ज अधिकाऱ्याला दिसतात, आणि व्हिसासाठी महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले तर अमेरिकेत प्रवेशाला कायमची बंदी येऊ शकते. पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल तर तोही लपवू नये.

नवरा-बायको प्रत्यक्ष एकत्र नसताना, व्हिडिओ कॉलवर लागलेले लग्न अमेरिकी कायदा तोवर मानत नाही, जोवर त्यानंतर दोघांचे वैवाहिक सहजीवन प्रत्यक्ष सुरू झालेले नसते.

दोघांपैकी कुणाचे आधी लग्न झाले असेल तर घटस्फोटाच्या हुकुमनाम्याची न्यायालयाची प्रमाणित प्रत किंवा आधीच्या जोडीदाराचा मृत्युदाखला लागतो. स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेली सोडचिठ्ठी आणि त्यावर विसंबून केलेले दुसरे लग्न, यावर अख्खे प्रकरण कोसळू शकते.

पोलिस प्रमाणपत्र

हे स्थानिक पोलिस ठाण्यातून नव्हे, तर पासपोर्ट कार्यालयातून ‘पीसीसी’ म्हणून घ्यायचे असते. आखातात किंवा युरोपात नोकरी करून आलेल्यांनी लक्षात ठेवावे की वयाच्या सोळाव्या वर्षानंतर ज्या इतर देशात बारा महिने किंवा अधिक वास्तव्य झाले, त्या देशाचेही प्रमाणपत्र लागते. ते भारतात बसून मिळवायला बराच वेळ जाऊ शकतो. अमेरिकेतल्या वास्तव्यासाठी मात्र असे प्रमाणपत्र मागत नाहीत.

लग्न खरे असल्याचे पुरावे

ठरवून केलेली लग्ने मुंबईतल्या अधिकाऱ्यांना नवी नाहीत. दोन भेटींत लग्न ठरले, एवढ्यावरून कुणी संशय घेत नाही. संशय येतो तो लग्नानंतर काहीच दिसत नसेल तर. म्हणून लग्नाच्या दिवसाचे दोनशे फोटो नेण्यापेक्षा साखरपुडा, लग्न, नंतरचा दिवाळसण, सासरच्या माणसांबरोबरचा एखादा साधा दिवस असे वीस-पंचवीस फोटो, मागे तारीख आणि नावे लिहून, अधिक बोलके ठरतात. जोडीदार भेटायला आल्याची तिकिटे आणि पासपोर्टवरचे शिक्के हा भक्कम पुरावा. पैसे पाठवल्याच्या नोंदी, विम्यात किंवा नोकरीच्या कागदांत वारस म्हणून लावलेले नाव, संयुक्त खाते, यांतले जे खरोखर असेल ते द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संभाषणाची हजार पाने कुणी वाचत नाही. दर महिन्यातले एक-दोन पानांचे नमुने पुरतात.

नसलेला पुरावा तयार करण्याच्या फंदात पडू नये. केवळ व्हिसासाठी लग्न केल्याचा ठपका एकदा बसला, तर त्या व्यक्तीसाठी पुढे कुणीही भरलेला असा अर्ज मंजूर करण्यास कायदा मनाई करतो. नंतरचे लग्न शंभर टक्के खरे असले तरी.

आय-८६४: पैशांची हमी

अमेरिकेतल्या जोडीदाराने आय-८६४ हे हमीपत्र द्यायचे असते. त्याचे उत्पन्न तिथल्या सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के हवे. २०२५ च्या कोष्टकाप्रमाणे अलास्का आणि हवाई वगळता दोघांच्या कुटुंबासाठी हा आकडा वर्षाला २६,४३७ डॉलर होता. कोष्टक दरवर्षी बदलते. सोबत आयआरएसकडून मिळणारी करविवरणाची प्रत, पगाराच्या पावत्या आणि नोकरीचे पत्र द्यावे.

उत्पन्न कमी पडत असेल तर दुसरा हमीदार घेता येतो. तो अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा. नात्यातला असण्याची गरज नाही. मात्र मित्राला सही करायला लावण्याआधी त्याला नीट समजावून सांगावे: ही हमी घटस्फोटानेही संपत नाही. आलेली व्यक्ती नागरिक होईपर्यंत किंवा सुमारे दहा वर्षांच्या कामाइतके तिथले ४० तिमाही श्रेय जमेपर्यंत, सर्वसाधारणपणे, ती चालू राहते.

अमेरिकी नागरिक असलेला जोडीदारच सध्या पुण्यात राहत असेल, तर आणखी एक अट येते. तो अमेरिकेत परतून कायम राहणार आहे, हे दाखवावे लागते. तिथली नोकरीची ऑफर, घराचा करार, मुलांचा शाळाप्रवेश, चालू बँक खाते असे काही हाताशी हवे.

वैद्यकीय तपासणी आणि मुलाखतीचा दिवस

तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. लसीकरणाच्या नोंदी सोबत न्याव्यात. पूर्वी क्षयरोग झाला असेल तर उपचारांचे कागद आणि जुने एक्स-रे जरूर न्यावेत. छातीच्या एक्स-रेत शंका आली तर थुंकीची कल्चर चाचणी होते आणि तिचा अहवाल यायला आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. त्यामुळे मुलाखतीची तारीख आली की तपासणी शेवटच्या दोन-तीन दिवसांवर ढकलू नये.

मुलाखतीला पासपोर्ट, मुलाखतीचे पत्र, डीएस-२६० ची पुष्टी, ५ बाय ५ सेंटीमीटरचे फोटो आणि वर आलेले सगळे कागद मूळ प्रत व झेरॉक्स अशा जोडीने न्यावेत. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून फोनमध्ये असलेला पुरावा तिथे उपयोगाचा नाही. छापून न्यावा. आय-१३० आणि डीएस-२६० च्या प्रती आदल्या दिवशी दोघांनीही वाचाव्यात. दोन वर्षांपूर्वी भरलेला अर्ज आठवणीवर सांगताना चुका होतात.

एखादा कागद कमी पडला तर अधिकारी २२१(जी) असे लिहिलेले पत्र हाती देतो. तांत्रिकदृष्ट्या तो नकार असतो, पण प्रकरण संपलेले नसते. मागितलेला कागद एक वर्षाच्या आत दिला तर पुन्हा शुल्क न भरता निर्णय होतो.

व्हिसा मंजूर झाला की त्याची मुदत साधारण सहा महिन्यांपर्यंत असते, आणि ती वैद्यकीय तपासणीच्या मुदतीशी बांधलेली असते. बंद पाकीट मिळाले तर ते उघडू नये. प्रवासाआधी यूएससीआयएसचे २३५ डॉलर शुल्क ऑनलाइन भरायचे असते. तिकीट काढताना लग्नाची तारीख पाहावी. अमेरिकेत उतरण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर दोनच वर्षांचे, अटींसह ग्रीन कार्ड मिळते. झाली असतील तर दहा वर्षांचे. लग्नाचा दुसरा वाढदिवस चार दिवसांवर असेल आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर ते चार दिवस थांबलेले बरे. दोन वर्षांचे कार्ड मिळालेल्यांना त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ अर्ज भरावा लागतो. त्यात लग्न खरे असल्याचे पुरावे पुन्हा मागतात, म्हणून मुंबईच्या मुलाखतीची फाइल सामानात बांधून न्यावी.