स्वस्त सागरी सहलींचे छुपे मोल : अमेरिकेतील क्रूझ व्यवसायाच्या भाडेआकारणीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महासागर ओलांडणारे जहाज हे प्रामुख्याने दळणवळणाचे साधन होते. मुंबईहून विलायतेस जाणारा विद्यार्थी असो वा युरोपातून न्यूयॉर्कला निघालेला स्थलांतरित, त्याला पलीकडचा किनारा गाठायचा असे. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिक महासागरावरून जेट विमानांची नियमित वाहतूक सुरू झाली आणि अल्पावधीतच प्रवासी जहाजांचे हे प्रयोजन संपुष्टात आले. त्यानंतर ज्या व्यवसायाने प्रवासी जहाजांना नवजीवन दिले तो क्रूझ व्यवसाय होय. या व्यवसायाने सागरी सहल श्रीमंतांच्या वर्तुळातून मध्यमवर्गापर्यंत आणली. हे त्याचे यश निर्विवाद आहे. मात्र जाहिरातीत ठळकपणे छापलेले भाडे आणि सहलीअखेर प्रवाशाने चुकती केलेली रक्कम यांत नेहमीच तफावत राहिली. ही तफावत व्यापारी चलाखीपुरती मर्यादित नसून तिला कायदा, श्रमव्यवस्था आणि पर्यावरण यांचा इतिहास आहे. त्या इतिहासाचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेण्यात आला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) क्रूझ व्यवसायात मूळ भाडे व पूरक आकार यांची फारकत कशी झाली ते पाहणे.
२) भाड्यात न दिसणारा खर्च प्रवासी, खलाशी, बंदरे व समुद्र यांच्यावर कसा विभागला गेला याचे विश्लेषण करणे.
३) या आकारांविरुद्ध झालेल्या शासकीय व न्यायालयीन उपायांचे मूल्यमापन करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारित आहे. अभ्यासाची व्याप्ती मुख्यतः फ्लोरिडा, कॅरिबियन बेटे व अलास्का या क्षेत्रांपुरती आणि १९६६ ते २०२४ या कालखंडापुरती मर्यादित आहे.

व्यवसायाचा उदय आणि परदेशी ध्वज :

डिसेंबर १९६६ मध्ये नॉर्वेचे जहाजमालक क्नुट क्लोस्टर आणि इस्रायलमधून आलेले उद्योजक टेड अ‍ॅरिसन यांच्या भागीदारीत ‘सनवर्ड’ या जहाजाने मायामीहून बहामातील नासाऊ बंदराकडे सहली सुरू केल्या. पुढे भागीदारी मोडली आणि १९७२ मध्ये अ‍ॅरिसन यांनी ‘एम्प्रेस ऑफ कॅनडा’ हे जुने जहाज विकत घेऊन ‘मार्डी ग्रा’ या नावाने उतरविले. ही कार्निव्हल कंपनीची सुरुवात होती. मार्चमधील पहिल्याच फेरीत हे जहाज मायामीजवळ वाळूत रुतले. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन महाग झाले. तेव्हा जहाज संथ चालवावे, थांबे कमी ठेवावेत आणि समुद्रावरील वाढीव वेळ करमणुकीने भरून काढावा, असे धोरण कंपनीने स्वीकारले. जहाजावरील मद्यालय, जुगारगृह व दुकाने यांचे महत्त्व येथून वाढत गेले. १९७७ मध्ये सुरू झालेल्या ‘द लव्ह बोट’ या दूरचित्रवाणी मालिकेने सागरी सहलीचे आकर्षण घराघरांत पोहोचविले.

या व्यवसायाच्या स्वस्ताईमागे एक कायदेशीर चौकट होती. अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी जहाज सेवा कायद्यानुसार परदेशी जहाजांना अमेरिकेच्या दोन बंदरांदरम्यान प्रवासी वाहतूक करता येत नाही. परंतु फेरीत परदेशी बंदराचा समावेश असेल आणि प्रवासी निघाल्या बंदरीच परत येत असतील तर अशी सहल चालते. परिणामी पनामा, लायबेरिया, बहामा अशा देशांचे ध्वज लावलेली जहाजे मायामीहून बेधडक फिरू लागली. कंपन्यांची नोंदणीही परदेशी असल्याने जहाजवाहतुकीच्या उत्पन्नाचा मोठा भाग अमेरिकी प्राप्तिकरातून मुक्त राहिला. तसेच अमेरिकेचा किमान वेतन कायदा खलाशांना लागू झाला नाही. म्हणजेच स्वस्त भाड्याचा पहिला आधार जहाजाच्या आकारात वा व्यवस्थापनकौशल्यात नव्हता, तो ध्वजाच्या निवडीत होता. या निवडीची दुसरी बाजू मार्च २०२० मध्ये दिसली. महामारीच्या काळात अमेरिकी काँग्रेसने मोठ्या उद्योगांसाठी कर्जसाहाय्य मंजूर केले, तेव्हा ते देशात स्थापन झालेल्या उद्योगांपुरते मर्यादित असल्याने प्रमुख क्रूझ कंपन्या त्यास अपात्र ठरल्या.

भाडे आणि पूरक आकार :

जहाज सुटले की रिकाम्या केबिनचे मोल शून्य होते. इंधन, खलाशी व बंदराचा बहुतांश खर्च प्रवासी कमी असले तरी करावाच लागतो. त्यामुळे केबिन अत्यल्प भाड्यात देऊन प्रवाशाला जहाजावर आणणे आणि नंतर त्याच्याकडून खर्च करवून घेणे हे व्यावसायिकदृष्ट्या लाभदायक ठरते. १९८८ मध्ये सुमारे ७३ हजार टनांचे ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ समुद्रात उतरले, तर २००९ च्या ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’ने सव्वादोन लाख टनांचा पल्ला गाठला. जहाजे वाढली तशी भरायच्या केबिनची संख्या वाढली, आणि दालने, दुकाने व सशुल्क उपाहारगृहे यांनाही जागा मिळाली. २०१९ मध्ये कार्निव्हल समूहाच्या उत्पन्नापैकी सुमारे ३० टक्के उत्पन्न तिकिटाखेरीज अन्य बाबींचे होते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण येथे शब्दशः लागू पडत नसली, तरी मसाल्याचा वाटा दुर्लक्षिण्याजोगा नाही हे स्पष्ट होते.

हे पूरक आकार तीन प्रकारचे आहेत. मद्य, विशेष उपाहारगृहे, इंटरनेट, छायाचित्रे यांवरील खर्च ऐच्छिक आहे. दुसरा प्रकार ऐच्छिक म्हणून ओळखला जाणारा, परंतु आपोआप खात्यावर चढणारा आहे. बक्षिसी हे त्याचे ठळक उदाहरण होय. पूर्वी ठरावीक मेजावर ठरावीक सेवक वाढत असे आणि सहलीअखेर प्रवासी त्याच्या हाती पाकीट देत असे. २००० मध्ये नॉर्वेजियन कंपनीने भोजनाची ठरलेली वेळ व ठरलेले मेज रद्द करणारी योजना आणली. सेवक रोज बदलू लागल्यावर पाकिटाची प्रथा मोडली आणि तिच्या जागी प्रत्येक प्रवाशाच्या खात्यावर दररोजचा सेवा आकार चढू लागला. इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. हा आकार प्रारंभी दिवसाला १० डॉलरच्या आसपास होता. २०२३ पर्यंत प्रमुख कंपन्यांत तो १५ डॉलरच्या पुढे गेला. चौघांच्या कुटुंबाने सात दिवसांची सहल केल्यास १६ डॉलरच्या दराने ही एकच बाब ४४८ डॉलर होते. तिसरा प्रकार अनिवार्य आकारांचा असून त्यात बंदर शुल्क, कर व इंधन अधिभार मोडतात. याखेरीज जाहिरातीतील भाडे ‘दोघांच्या केबिनमधील प्रत्येकी’ असते. एकट्या प्रवाशाला बहुधा दुसऱ्याचेही भाडे मोजावे लागते.

न्यायालये व शासनाचे उपाय :

पूरक आकारांवरील वाद प्रथम बंदर शुल्कावरून पेटला. १९९० च्या दशकात जाहिरातीत भाडे मोठ्या अक्षरांत आणि ‘बंदर शुल्क वेगळे’ ही सूचना बारीक अक्षरांत असे. वसूल होणारी रक्कम बंदरांना प्रत्यक्ष दिल्या जाणाऱ्या रकमेहून अधिक असल्याचा आक्षेप होता. फ्लोरिडाच्या महाधिवक्त्यांनी चौकशी केल्यानंतर १९९७ मध्ये प्रमुख कंपन्यांनी शासकीय यंत्रणांना प्रत्यक्ष द्यावयाची रक्कम तेवढीच भाड्यापासून वेगळी दाखविण्याचे मान्य केले. २००० मध्ये फ्लोरिडाच्या अपील न्यायालयाने कोस्टा कंपनीशी संबंधित प्रकरणात असा निर्वाळा दिला की, बंदर शुल्क या नावाने घेतलेल्या रकमेचा भाग कंपनीने स्वतःकडे ठेवणे ही ग्राहकाची फसवणूक ठरते.

इंधनाचे भाव चढल्यावर २००७ च्या अखेरीस कंपन्यांनी अधिभार जाहीर केला आणि तो आधीच आरक्षण केलेल्या प्रवाशांनाही लावला. फ्लोरिडा शासनाच्या हस्तक्षेपानंतर २००८ मध्ये अशा प्रवाशांची रक्कम परत करण्यात आली.

याहून दूरगामी परिणाम १९९१ च्या एका निकालाचा झाला. वॉशिंग्टन राज्यातील एका दांपत्याने कार्निव्हलच्या जहाजावरील अपघाताबद्दल आपल्या राज्यात दावा लावला होता. तिकिटाच्या मजकुरात मात्र सर्व दावे फ्लोरिडातच चालतील अशी अट होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरविली. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी बहुमताच्या निकालपत्रात दिलेले एक कारण येथे महत्त्वाचे आहे. दाव्यांचे ठिकाण मर्यादित झाल्याने कंपनीचा खर्च वाचतो आणि त्याचा लाभ कमी भाड्याच्या रूपाने प्रवाशांना मिळतो, असे त्यांनी म्हटले. कमी भाड्याच्या बदल्यात प्रवासी आपल्या घराजवळ न्याय मागण्याची सोय सोडून देतो, हे यातून अप्रत्यक्षपणे मान्य झाले. हा खर्च कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

विमान कंपन्यांवर अमेरिकेत जानेवारी २०१२ पासून सर्व करांसहित भाडे जाहीर करण्याचे बंधन आले. क्रूझ कंपन्यांच्या बाबतीत अशीच स्थिती येण्यास आणखी बारा वर्षे लागली. कॅलिफोर्नियाचा अनिवार्य आकार लपविण्यास मनाई करणारा कायदा १ जुलै २०२४ रोजी अमलात आला. तेव्हा प्रमुख कंपन्यांनी अमेरिकेतील जाहिरातींत कर व बंदर खर्च भाड्यातच दाखविण्यास सुरुवात केली. ऐच्छिक मानली जाणारी बक्षिसी मात्र या कायद्याने भाड्यात आली नाही.

बंदरे, समुद्र आणि खलाशी :

प्रवाशाने न भरलेला खर्च कुणीतरी भरतोच. कॅरिबियन बेटांना धक्के बांधणे, खाडीतील गाळ काढणे व कचऱ्याची विल्हेवाट लावणे यांचा भार उचलावा लागला. ग्रेनाडाने घनकचरा प्रकल्पासाठी प्रतिप्रवासी दीड डॉलर आकार बसविला असता १९९९ मध्ये कार्निव्हलने त्या बेटाचा थांबाच वगळला. शेकडो डॉलरच्या भाड्यापुढे दीड डॉलर नगण्य होते. कंपनीला चिंता इतर बेटेही तसाच आकार लावतील याची असावी, असा निष्कर्ष काढता येतो. दुसरीकडे, नॉर्वेजियन कंपनीने १९७७ मध्ये बहामातील ग्रेट स्टिरप के हे बेट विकत घेतले. रॉयल कॅरिबियनने १९८६ पासून हैतीतील लबादी येथे आपला किनारा उभारला. यामुळे किनाऱ्यावरील खर्चाचाही मोठा वाटा कंपनीकडेच राहू लागला.

अलास्काची स्थिती निराळी होती, कारण तेथे मतदारांच्या हाती कायद्याचे बळ होते. ज्युनो शहराच्या मतदारांनी १९९९ मध्ये प्रतिप्रवासी ५ डॉलर आकार मंजूर केला. २००६ मध्ये राज्याने सार्वमताने ४६ डॉलरचा प्रवासी कर बसविला. कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतल्यावर २०१० मध्ये तो ३४.५० डॉलरवर आणण्यात आला. ग्रेनाडा व अलास्का यांच्या तुलनेतून असे दिसते की, छुपा खर्च भाड्यात आणण्याची क्षमता आकाराच्या रास्तपणापेक्षा आकार लावणाऱ्याच्या सामर्थ्यावर अवलंबून असते.

समुद्रावर टाकलेला भार न्यायालयीन नोंदींतून उघड झाला. तेलमिश्रित पाणी समुद्रात सोडल्याच्या व नोंदी खोट्या ठेवल्याच्या प्रकरणी रॉयल कॅरिबियनने १९९९ मध्ये २१ आरोप मान्य करून १ कोटी ८० लाख डॉलर दंड भरला. प्रिन्सेस कंपनीला अशाच प्रकरणात २०१६ मध्ये ४ कोटी डॉलर दंड झाला.

श्रमाच्या प्रश्नाचा गोवा व मुंबईशी प्रत्यक्ष संबंध आहे. ब्रिटिश आगबोटींवर गोव्याचे आचारी व वाढपी पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले. दोन फेऱ्यांमधील मुक्कामासाठी मुंबईत धोबीतलाव परिसरात त्यांच्या गावांचे ‘कूड’ उभे राहिले. हीच परंपरा क्रूझ जहाजांवर पुढे चालू राहिली. या जहाजांवरील वाढप्याचे मूळ वेतन अल्प आणि बक्षिसी हाच मिळकतीचा मोठा भाग, अशी रचना दीर्घकाळ राहिली. म्हणजे मालकाने द्यावयाचे वेतन प्रवाशाच्या मर्जीवर सोपविले गेले. खलाशांकडून नोकरीसाठी शुल्क घेण्यास २००६ च्या सागरी श्रम कराराने मनाई केली. तो २०१३ मध्ये अमलात आला व भारताने २०१५ मध्ये त्यास मान्यता दिली. तरीही बनावट दलालांविषयी नौवहन महासंचालनालयाला वेळोवेळी इशारे द्यावे लागले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मुंबईच्या किनाऱ्यानजीक अडकून पडलेल्या ‘मारेला डिस्कव्हरी’वरील भारतीय खलाशांना विशेष परवानगीनंतरच उतरता आले. त्यांत गोव्याचे तरुणही होते. सहल रद्द झालेल्या प्रवाशाला भाडे परत मागता येत होते. समुद्रावर वाट पाहण्यात गेलेल्या दिवसांचा मोबदला मागण्याचा तसा सरळ मार्ग खलाशाजवळ नव्हता.

निष्कर्ष :

१) क्रूझचे भाडे स्वस्त झाले ते अंशतः मोठ्या जहाजांमुळे आणि अंशतः खर्चाचे स्थलांतर झाल्यामुळे. स्थलांतरित झालेला खर्च प्रवासी, खलाशी, बंदरे व समुद्र यांनी वाहिला.
२) पूरक आकारांपैकी अनिवार्य आकारांवर कायद्याने नियंत्रण आणता आले. आपोआप चढणाऱ्या ऐच्छिक आकारांवर ते पुरेसे आलेले नाही.
३) १९९७, २००८ व २०२४ ही तिन्ही वळणे शासनाच्या हस्तक्षेपामुळे आली. केवळ स्पर्धेमुळे भाडेआकारणी पारदर्शक झाल्याचे आढळत नाही.
४) प्रवासी ग्राहक म्हणून संरक्षित होत गेला, त्या प्रमाणात लहान बेटे व खलाशी यांना संरक्षण मिळाले नाही.
५) सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत’ अभियानाचा प्रारंभ झाला असून २०२९ पर्यंत भारतातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. या टप्प्यावर करांसहित संपूर्ण भाडे जाहीर करण्याचे बंधन, बक्षिसीवर अवलंबून नसलेले वेतन आणि बंदरांच्या खर्चाचा भाड्यातील स्पष्ट वाटा या तीन बाबी प्रारंभीच निश्चित होणे आवश्यक आहे. व्यवसाय स्थिरावल्यावर असे बदल घडविण्यास किती काळ लागतो, हे फ्लोरिडाच्या अनुभवावरून दिसून येते.