धन्याचं नाव

१९३४ साली आयव्ही ली नावाच्या अमेरिकी जनसंपर्कतज्ज्ञाला अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीसमोर साक्षीला बसावं लागलं. आय. जी. फार्बेन ही जर्मनीतली बडी रसायन कंपनी त्याला वर्षाला २५,००० डॉलर देत होती. हिटलरच्या राजवटीबद्दल अमेरिकी लोकांचं मत कसं निवळेल, हेही त्याने द्यायच्या सल्ल्यात होतं. यात बेकायदा काहीच नव्हतं, आणि समितीला नेमकं तेच खुपलं.

समितीचे अध्यक्ष जॉन मॅककॉर्मॅक, उपाध्यक्ष सॅम्युअल डिकस्टीन. त्यांच्या शिफारशीतून ८ जून १९३८ रोजी कायदा झाला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘फारा’ म्हणतात. गंमत अशी, की या कायद्याने कशालाही बंदी घातली नाही. परक्या सरकारचं काम करा, पैसे घ्या. फक्त धनी कोण, करार काय, रक्कम किती, हे लिहून द्या. ते दप्तर कोणीही चाळावं.

आपली वर्तमानपत्रं अशा माणसाला सरसकट ‘हस्तक’ म्हणतात, पण त्या शब्दात आधीच शिवी आहे. जुना शब्द बरा होता : वकील. पदच्युत छत्रपती प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी साताऱ्याहून लंडनला गेले आणि चौदाएक वर्षं तिथे खेटे घालत राहिले. ते कोणाचे वकील, हे ज्याच्या दारात जात त्याला ठाऊक असे. ‘फारा’चा रोख अशांवर नव्हताच, वकीलपत्र खिशात ठेवून त्रयस्थाचा आव आणणाऱ्यांवर होता.

जॉर्ज सिल्वेस्टर व्हिएरेक हा त्यांतला अर्क. त्याने नोंदणी केली होती, पण एका जर्मन वृत्तपत्राचा वार्ताहर म्हणून. इकडे प्रकाशनसंस्था हाताशी धरून तो जर्मनीला सोयीची पुस्तकं काढत होता, अमेरिकी खासदारांची भाषणं लिहून देत होता. १९४२ मध्ये त्याला शिक्षा झाली. १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली : धन्यासाठी केलेली कामं सांगा, एवढंच कायदा म्हणत होता, स्वतःच्या नावावर केलेल्या उद्योगांचा हिशेब त्याने मागितलाच नव्हता. ही फट तोवर काँग्रेसने बुजवली होती. व्हिएरेकवर पुन्हा खटला चालला आणि तो १९४७ पर्यंत तुरुंगात राहिला.

युद्ध संपलं, प्रचारकांची जागा दलालांनी घेतली. क्यूबाची साखर अमेरिकेने बंद केल्यावर तिचा कोटा आपल्या पदरात पडावा म्हणून अनेक देशांनी वॉशिंग्टनमध्ये माणसं नेमली. (साखरेचं राजकारण मराठी माणसाला वेगळं समजवायला नको.) सिनेटर फुलब्राइट यांच्या समितीने हे सारं उकरलं आणि १९६६ च्या दुरुस्तीने कायद्याचा मोहरा प्रचाराकडून आर्थिक-राजकीय वशिल्याकडे वळला.

शिक्षा कागदावर जबर आहे : जाणूनबुजून नोंदणी टाळली किंवा खोटी माहिती दिली तर पाच वर्षांपर्यंत कैद. प्रत्यक्षात १९६६ ते २०१५ या अर्धशतकात फौजदारी खटले झाले अवघे सात. पुढे ट्रम्प यांचे एकेकाळचे प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या प्रकरणाने कायद्याला जाग आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायखात्याने फौजदारी कारवाई हेरगिरीसदृश प्रकरणांपुरती आवरती घेतली. दप्तर मात्र चालू आहे. भारतीय दूतावासाने २०२५ मध्ये एका वॉशिंग्टनच्या संस्थेला महिना दीड लाख डॉलरवर नेमलं, ही बातमी आपल्याला त्यातूनच कळली.

राहता राहिले उपाध्यक्ष डिकस्टीन. सोव्हिएत दप्तरांच्या आधारे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून उघड झालं, की १९३७ च्या अखेरीपासून ते सोव्हिएत गुप्तहेर खात्याकडून पैसे घेत होते. मागितले होते महिना २,५०० डॉलर, घासाघीस होऊन १,२५० वर तुटलं. म्हणजे ‘फारा’ मंजूर झाला तेव्हा हे गृहस्थ पगारी होते. मॉस्कोने त्यांना ठेवलेलं सांकेतिक नाव होतं ‘झुलिक’, मराठीत ठक. मॅनहॅटनमध्ये त्यांच्या नावाचा चौक आहे. नोंदणीच्या दप्तरात ते नाव कधी चढलं नाही.