दिव्याखालचें रोप

माणदेशांत पाण्याची टंचाई हा नित्याचा विषय आहे. उन्हाची टंचाई मात्र कोणीं ऐकली असेल असें वाटत नाहीं. त्यांतून आटपाडी हें गांव १९४८ पर्यंत औंध संस्थानांत होतें. ज्या संस्थानच्या अधिपतींनीं, श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधींनीं, सूर्यनमस्काराचा प्रसार हें जवळजवळ जीवितकार्य मानिलें, त्याच संस्थानच्या एका महालांत रोपांसाठीं कृत्रिम सूर्य तयार करण्याचा खटाटोप व्हावा, हा योग मौजेचाच म्हणावयाचा. तो खटाटोप आमच्याच घरांत झाला, आणि त्यापायीं या विषयाच्या इतिहासाचीं जुनीं पानें आम्हांस उलटावीं लागलीं. शहरांतील अंधाऱ्या बिऱ्हाडीं ज्यांची तुळस कशीबशी तग धरून आहे, त्या वाचकांस हा वृत्तांत निरुपयोगी वाटूं नये.

आमचें घर जुन्या चालीचें, माळवदाचें. भिंती रुंद, खिडक्या बेताच्या, आणि माजघरांत जो काय उजेड पडतो तो सवण्यांतून. सवणें म्हणजे धूर जाण्यासाठीं व उजेड येण्यासाठीं माळवदाला ठेवलेलें भोंक. त्यांतून उन्हाचा एक कवडसा सकाळीं एका भिंतीवर उतरतो आणि सायंकाळपर्यंत समोरच्या भिंतीवर चढतो. हें घर माणसांना उन्हापासून वांचविण्यासाठीं बांधलेलें आहे. त्यांत रोपांची सोय पाहिलेली नाहीं. परंतु वैशाखांत वांग्यामिरचीचीं कोवळीं रोपें अंगणांत ठेवावीं तर दुपारीं करपतात, आणि त्यांतून वांचलींच तर शेरडांच्या तोंडीं पडतात. म्हणून आमच्या पुतण्यानें तीं माजघरांत आणिलीं आणि त्यांच्यावर एल. ई. डी.चा दिवा टांगण्याचें मनांत घेतलें.

या दिव्याची कुळकथा सांगण्यासारखी आहे. तार तापवून उजेड पाडणें ही एडिसनच्या गोळ्याची रीत; त्यांत विजेचा फार मोठा भाग नुसत्या उष्णतेंत जातो. एल. ई. डी. त्या जातीचा नव्हे. त्यांत स्फटिकाचा एक कण असतो, आणि त्यांतून योग्य दिशेनें वीज गेली म्हणजे तो कणच प्रकाश देतो. १९०७ सालीं हेन्री राउंड या इंग्रज इंजिनिअराला कार्बोरंडमच्या खड्यांत असा मंद उजेड दिसला. त्यानें एक लहानसें पत्र छापिलें आणि तो आपल्या बिनतारी संदेशांच्या कामाकडे वळला. १९२० नंतरच्या दशकांत ओलेग लोसेव्ह या रशियन तरुणानें त्या उजेडाचा कसून अभ्यास केला. १९४२ सालीं लेनिनग्राडच्या वेढ्यांत तो उपासमारीनें मेला. डोळ्यांस दिसणारा तांबडा दिवा १९६२ सालीं अमेरिकेंत निक होलोन्याक यानें केला. त्याच वर्षीं आमच्याकडे कोयनेच्या पाण्यावर पहिली वीज निघाली. या दोन गोष्टींची गांठ पुढें एका माजघरांत पडेल, हें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींही नसेल. निळ्या दिव्यासाठीं आणखी तीस वर्षें लागलीं, आणि आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना त्याबद्दल २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. निळा साधला म्हणूनच पांढरा साधला. कारण आजचा पांढरा दिवा म्हणजे निळ्या स्फटिकावर पिवळा प्रकाश देणारा लेप, याहून निराळें कांहीं नाहीं.

या कुळाच्या आरंभीं आपल्याकडील एक नांव आहे, तें विसरून चालणार नाहीं. जगदीशचंद्र बसूंनीं गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक विद्युल्लहरी ओळखण्यासाठीं वापरला. त्याचें अमेरिकन पेटंट १९०४ चें आहे. आणि पुढील आयुष्याचा मोठा भाग त्यांनीं वेंचला तो वनस्पतींच्या सूक्ष्म हालचाली मोजण्यांत. स्फटिक आणि रोप हे दोन्हीं विषय एकाच माणसाच्या टेबलावर होते! मध्यें राहिला होता तो दिवा.

आतां जोडणीकडे वळूं. पुतण्याचा हिशेब असा. लहान पांढऱ्या दिव्याला तीन व्होल्टांच्या आसपास दाब लागतो, आणि त्यांतून वीस मिलिअ‍ॅम्पिअरपेक्षां अधिक प्रवाह जाऊं द्यावयाचा नसतो. मोटरसायकलची जुनी बॅटरी बारा व्होल्टांची. तेव्हां तीन दिवे एकामागें एक जोडिले म्हणजे नऊ व्होल्ट झाले. उरलेल्या तिहींसाठीं दीडशें ओहमचा रेझिस्टर. अशा सात माळा शेजारीं शेजारीं, एकूण दिवे एकवीस. हिशेब चोख, डाग सुबक, आणि पहिल्या रात्रीं माजघर उजळून निघालें. दुसऱ्या दिवशीं दिवे चालू ठेवूनच त्यानें बॅटरी चार्जरला लाविली, आणि सायंकाळपर्यंत दोन माळा गेल्या.

चार्ज होत असतां अशा बॅटरीचा दाब चौदा व्होल्टांच्या वर जातो, ही गोष्ट हिशेबांत धरलेली नव्हती. बाराचे साडेचौदा झाले तर ती वाढ वीसएक टक्क्यांचीच दिसते. पण नऊ व्होल्ट दिव्यांनीं आधींच घेतलेले असतात. म्हणून रेझिस्टरच्या वांट्याला तीनांचे साडेपांच येतात, आणि विसाचा प्रवाह पस्तिसाच्याही वर जातो. शिवाय स्फटिक तापला म्हणजे त्याच दाबाला अधिक प्रवाह घेतो, आणि त्या प्रवाहानें आणखी तापतो. म्हणून जाणते लोक दाबाऐवजीं प्रवाहच बांधून देणारें उपकरण वापरतात. बाजारांत त्याला ड्रायव्हर म्हणतात. मोठ्या दिव्यांना उष्णता काढून घेण्यासाठीं पाठीशीं अ‍ॅल्युमिनिअमची पट्टीही लागते. घरच्या २३० व्होल्टांशीं उघडी जोडणी करण्याचा मोह मात्र कोणीं धरूं नये. कुंडी म्हटली कीं पाणी आलें, ओला हात आला. चांगल्या प्रतीचा बंद अ‍ॅडाप्टर घ्यावा आणि तारांचा खेळ त्याच्या अलीकडच्या बारा किंवा चोवीस व्होल्टांतच करावा; सॉकेटकडे जाणाऱ्या तारेला सॉकेटच्या खालीं झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळलेलें पाणी त्या झोळाशींच टपकतें.

ड्रायव्हर आला, माळा टिकल्या. पण रोपें बिघडलीं. आठवड्याभरांत तीं दोऱ्यासारखीं बारीक, लांबोळकीं आणि फिकट झालीं. आमच्या मातोश्रींनीं तीं पाहून एका वाक्यांत निकाल दिला, "अरे, उपाशी आहेत रे तीं!" निकाल बिनचूक होता. एकवीस दिव्यांना मिळून मिळणारी वीज सव्वा वॅट. एक चौरस फूट ताटावर दुपारचें ऊन पडतें तें नव्वद वॅटांच्या घरांत. आपला डोळा येथें फसतो. भर उन्हांत लाखभर लक्स उजेड असतो आणि रात्रींच्या उजळ खोलींत दोन-तीनशें. परंतु डोळा दोन्हींकडे जुळवून घेतो आणि दोन्हींना लख्ख म्हणतो. पानाला असें जुळवून घेतां येत नाहीं.

मग दिव्यावर रोपें वाढतात हें खोटें काय? मुळींच नाहीं. १८८० सालीं विल्यम सीमेन्स यानें इंग्लंडांत टनब्रिज वेल्सजवळच्या आपल्या घरीं, कार्बनच्या दोन कांड्यांमध्यें पेटणाऱ्या प्रखर दिव्याखालीं रोपें वाढवून दाखविलीं. दिवसा सूर्य आणि रात्रीं दिवा अशा पाळींत तीं जोमानें वाढलीं. उघड्या दिव्याजवळ पानें करपत. मध्यें कांच धरतांच तें थांबलें. पण त्या दिव्याच्या पाठीशीं एक यंत्र होतें. रोपाला पोट भरण्यासाठीं प्रकाश हवा असेल तर तो असा राजेशाही खर्चानेंच द्यावा लागे.

१९२० सालीं गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्यांतील दोघांनीं निराळीच गोष्ट प्रसिद्ध केली. त्यांच्याजवळ तंबाखूची एक जात होती. ती उन्हाळाभर माणसापेक्षां उंच वाढे, पण फुलत नसे. त्यांनीं तीं झाडें रोज दुपार उतरतांना अंधाऱ्या खोपटांत नेऊन ठेविलीं, आणि भर उन्हाळ्यांत त्यांना फुलें आलीं. झाड दिवसाची लांबी ओळखतें, असा त्याचा अर्थ. १९३८ सालीं हॅम्नर आणि बॉनर यांनीं पुढें दाखविलें कीं, झाड खरोखर मोजतें तें रात्र. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लाविला तरी त्याची मोजदाद चुकते. तेव्हां रोपाला प्रकाश दोन नात्यांनीं भेटतो, एक अन्न म्हणून आणि एक निरोप म्हणून. अन्न पोटभर लागतें. निरोपाला एक शब्द पुरतो. आमच्या पुतण्यानें निरोपाएवढा दिवा टांगला होता आणि त्यावर जेवणाची अपेक्षा केली होती.

झाडाला असा निरोप धाडण्याची विद्या आटपाडीला नवी नाहीं. येथें ती पाण्यावर चालते. डाळिंबाचें झाड मोकळें सोडलें तर वर्षभर थोडेंथोडें फुलत राहतें. म्हणून बागायतदार महिना-दोन महिने त्याचें पाणी तोडतो. याला ताण देणें म्हणतात. पानें गळतात, झाड थांबतें. मग छाटणी, खत आणि पाणी मिळतांच तें एकदम फुलावर येतें. मृग, हस्त आणि आंबे असे बहार बागायतदार आपल्या सोयीनें धरतो. ज्या मुलखाला दुष्काळानें छळलें, त्यानें दुष्काळाचीच एक लहान मात्रा करून ती झाडाला पाजावी, हें आम्हांस सीमेन्सच्या दिव्याइतकेंच अद्भुत वाटतें.

दिव्याचा निरोपही आतां महाराष्ट्रांत पोंचला आहे. शेवंती लांब रात्रींत फुलते. तिचे दांडे पुरेसे वाढेपर्यंत हरितगृहांत मध्यरात्रीं दिवे लावून तिला थोपवून धरतात. ड्रॅगन फ्रूट हें निवडुंगाच्या जातीचें वेलझाड नेमकें उलट. त्याला लहान रात्र हवी. व्हिएतनामांत हंगामाबाहेर फळ घेण्यासाठीं त्याच्या बागा रात्रीं दिव्यांनीं उजळतात. आमच्याच जिल्ह्यांतील तडसर गांवचें हें फळ २०२१ सालीं दुबईस गेलें.

सूर्यावरच्या पत्र्यानें वीज करून तीच दिव्याला द्यावी, म्हणजे खर्चाचा प्रश्न मिटला, असें पुतण्याचें पुढचें म्हणणें होतें. आम्हीं हिशेब मांडिला. शंभर भाग ऊन पत्र्यावर पडलें तर वीज होते वीस भाग; बॅटरींत साठवून काढतांना उरते सतरा; दिव्यांतून प्रकाश निघतो तो फार तर आठ-नऊ. म्हणजे माळवदावर बाराएक चौरस फूट पत्रा टाकावा, तेव्हां खालीं माजघरांत एक चौरस फूट ऊन उतरावयाचें. सवणें हें काम फुकट करतें. या तालुक्यांत विजेचें खरें काम कृष्णेचें पाणी टेंभूपासून टप्प्याटप्प्यानें वर चढविणें हें आहे, आणि तिच्या बिलाची चिंता येथल्या शेतकऱ्याला माहीत आहे.

तथापि पुतण्या हटला नाहीं. त्यानें वीस वॅटची पट्टी ड्रायव्हरसह आणून ती ताटावर अवघ्या वीतभर अंतरावर बांधली आणि रोज चौदा तास चालू ठेविली. या खेपेचीं रोपें ठेंगणीं, जाड बुंध्याचीं झालीं. मातोश्रींनीं आपलें एक ताट निराळें ठेविलें होतें. सवण्यांतील कवडशाबरोबर त्या तें दिवसभर सरकवीत. मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर दोन्हीं ताटांतील रोपें परसांत लागलीं, आणि आतां त्यांतलें कोणतें कोणाचें, हें त्या दोघांसही सांगतां येत नाहीं.