केंद्रीय यंत्रणा : नांदेड व लातूर जिल्हे

मराठवाड्याच्या आग्नेय टोकाच्या या दोन जिल्ह्यांत भारत सरकारच्या यंत्रणांकडे असलेली कामे व जबाबदाऱ्या. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. नांदेड जिल्हा व त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारा लातूरचा भाग आधी हैदराबाद राज्यात राहिला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. लातूर हा वेगळा जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. राज्याचा कारभार असा मुंबईकडे वळला, तरी केंद्राच्या बऱ्याच यंत्रणा या भागाकडे अजून हैदराबादहूनच पाहतात. नांदेडची रेल्वे सिकंदराबादच्या हाताखाली आहे, गोदावरीच्या पातळीच्या नोंदी केंद्रीय जल आयोगाच्या हैदराबाद येथील कृष्णा-गोदावरी खोरे कार्यालयाच्या कक्षेत येतात आणि जमीन हादरली की ज्या शास्त्रज्ञांना बोलावणे जाते तेही बहुधा हैदराबादचेच असतात. जमीन, पोलीस, पाणीपुरवठा व मदतकार्य हे विषय राज्याचे असल्याने केंद्रीय यंत्रणेचे काम पुष्कळदा मोजणे, कळवणे व प्रमाण ठरवणे इथवर असते. पुढची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडे.

भूकंप : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारी व शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर परिसरात ६·२ ते ६·४ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाहून परतलेली गावे झोपेत होती. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात. ते साधारण ८ ते १० हजारांच्या दरम्यान आहेत. भूकंपाचे मान पाहता हानी फार मोठी झाली. याचे कारण घरांच्या बांधणीत आहे : मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि वर हात-दीड हात मातीचे माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारे हे घर हादऱ्यात माणसांवर कोसळले. जेथे लाकडी खणांचा सांगाडा शाबूत राहिला तेथे भिंती बाहेर पडूनही छप्पर तगल्याची उदाहरणे पाहणीत आढळली.

भूकंपाची नोंद ठेवण्याची जबाबदारी त्या वेळी भारतीय हवामान विभागाकडे होती. (२०१४ पासून ती पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राकडे आहे. गावोगावी मात्र भूकंप असो की पाऊस, ‘वेधशाळा काय म्हणते’ असेच विचारतात.) किल्लारी परिसरात ऑगस्ट १९९२ पासून लहान धक्के जाणवत होते, त्यांतील मोठा १८ ऑक्टोबर १९९२ रोजीचा. भारतीय मानक संस्थेच्या तत्कालीन नकाशात मात्र हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर नकाशा सुधारला गेला, पण त्याचा लाभ पश्चिम महाराष्ट्राला झाला. दख्खनच्या पठाराचा आतला भाग स्थिर ढालीचा, असे मानले जात राहिले. किल्लारीनंतर हे गृहीतक टिकले नाही. या संस्थेच्या जागी आलेल्या भारतीय मानक ब्युरोने २००२ मध्ये संहिता सुधारली, तीत पहिला विभागच रद्द केला आणि किल्लारी-लातूर परिसर तिसऱ्या विभागात घातला. इमारतीचा आराखडा मंजूर करताना हे मानक पाळले जाते की नाही हे पाहणे हे मात्र ब्युरोचे काम नाही, ते नगरपालिका-महानगरपालिकांचे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हानीचे व भूपृष्ठावरील भेगांचे नकाशे तयार केले. किल्लारीजवळच्या शेतांत जमीन फुटून वर उचलली गेली होती. खंडाच्या स्थिर अंतर्भागातील भूकंपात असे क्वचित दिसते, म्हणून परदेशी अभ्यासकही तेथे आले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या अभ्यासासाठी किल्लारी येथे ६१७ मी. खोल विंधन घेण्यात आले. त्यात वरचे ३३८ मी. बेसाल्ट, त्याखाली ८ मी. गाळाचा थर आणि मग आद्य खडक लागला. मराठवाड्यातील बेसाल्टखाली नेमके काय आहे याचा हा हाती आलेला थेट पुरावा आहे. भूकंप निम्न तेरणा (माकणी) धरणाच्या जलसाठ्यामुळे उद्भवला काय, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही.

पुनर्वसन हे राज्याचे काम होते. बचावकार्यास सैन्य आले; पुढे जागतिक बँकेच्या कर्जावर १९९४ पासून राज्याने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम राबवला. गावांची अ, ब, क अशी वर्गवारी करून ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जुन्या गावठाणांत वाडे एकमेकांना खेटून होते. नव्या वसाहतींत आखीव चौक व रुंद रस्ते आले. त्यामुळे शेत, पाणवठा व शेजार दुरावल्याची तक्रार दीर्घकाळ चालू राहिली.

नांदेड शहराच्या काही भागांत २००६ नंतर सौम्य धक्क्यांची मालिका जाणवली. तिचा अभ्यास भूभौतिकी संस्था व स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांनी केला. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी येथे धक्के बसले. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात झालेले ४·५ तीव्रतेचे भूकंप नांदेडमध्येही जाणवले.

नद्या : केंद्रीय जल आयोग गोदावरीची पातळी व प्रवाह मोजतो, नांदेड जिल्ह्यात येळी येथे त्याचे मापनकेंद्र आहे. नांदेडच्या जुन्या पुलावर इशारा पातळी ३५१ मी. व धोका पातळी ३५४ मी. धरली जाते. विष्णुपुरी प्रकल्पाची दारे राज्याचा जलसंपदा विभाग उघडतो.

आयोगाची सर्वांत ठळक जबाबदारी धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याशी निगडित आहे. खालच्या बाजूच्या श्रीरामसागर (पोचमपाड) जलाशयाचा फुगवटा महाराष्ट्राच्या हद्दीत येतो आणि हा १४ दारांचा बंधारा त्या फुगवट्यातच बांधलेला आहे. त्यामुळे आपले पाणी अडेल, अशी आंध्र प्रदेशाची हरकत होती. गोदावरी पाणीतंटा लवादासमोरील १९७५ च्या करारानुसार पैठण व सिद्धेश्वर धरणांच्या खाली आणि पोचमपाडच्या वर महाराष्ट्राला नव्या वापरासाठी ६० टीएमसी पाणी मिळाले असून बाभळीचा साठा त्यातलाच, असे महाराष्ट्राचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी बंधाऱ्यास मान्यता दिली, पण अटींवर : १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारे वर उचललेली ठेवायची, साठा २·७४ टीएमसीहून अधिक नको, आणि १ मार्चला ०·६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. देखरेखीस त्रिसदस्यीय समिती, तीत दोन्ही राज्यांचा एकेक आणि अध्यक्षस्थानी जल आयोगाचा प्रतिनिधी. २०१४ पासून आंध्रच्या जागी तेलंगण आले. ऐन पावसाळ्यात दारे उघडी आणि पाऊस सरल्यावर अडवायला पाणी किती उरते हे नशिबावर, असे धर्माबाद भागातले शेतकरी म्हणतात. अटीच्या तारखा बदलाव्यात ही त्यांची मागणी आहे.

रेल्वे : निजामाच्या काळात सुमारे १९०० साली हैदराबाद–मनमाड मीटरमापी मार्ग नांदेडवरून गेला. लातूरला बार्शीच्या बाजूने बार्शी लाइटची अरुंदमापी गाडी आली. हा फरक आजही टिकून आहे : नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत (स्वतंत्र विभाग २००३ पासून), लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडावा ही मागणी जुनी आहे.

एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडल्यावर, मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने लातूरला नेले. वाघिणी राजस्थानातील कोटा येथील कार्यशाळेत वाफेने धुऊन आणल्या होत्या. पहिली १० वाघिणींची गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिलच्या पहाटे पोचली. नंतर ५० वाघिणींची गाडी धावू लागली. रेल्वेचे काम लातूर स्थानकापर्यंत. तेथून टँकर भरणे व वाटप महापालिका आणि जिल्हा प्रशासनाकडे. मे महिन्यात रेल्वेने वाहतुकीचे सुमारे ४ कोटी रुपयांचे बिल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवले, तेव्हा वाद झाला. लातूरच्या मराठवाडा रेल्वे डबा कारखान्यात डब्याचा पहिला सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये तयार झाला.

शेतमाल खरेदी : हमीभावाची शिफारस कृषी खर्च व मूल्य आयोग करतो, भाव केंद्रीय मंत्रिमंडळ ठरवते. सोयाबीन, तूर व हरभऱ्याची खरेदी ‘नाफेड’च्या वतीने राज्यातील पणन संस्था करतात, कापसाची भारतीय कापूस महामंडळ (१९७०). २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. वाद बहुधा भावापेक्षा ओलाव्यावरून होतात : मर्यादा १२ टक्के, नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या हंगामापुरती ती १५ टक्के केली गेली. बारदाना संपला की खरेदी केंद्र बंद, हे नित्याचे.

आपत्ती निवारण : २००५ च्या कायद्याने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याच्या पाचव्या बटालियनमधून मागवावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील पुरात सैन्यही बोलावण्यात आले.

इतर : टपाल, आयकर, दूरसंचार यांची कार्यालये दोन्ही शहरांत आहेत.