मुल्ला दाऊदची हरवलेली तवारीख आणि आपला इतिहास

पुरावा नाही म्हणजे इतिहास नाही, असे आपल्याला कायम ऐकवले जाते. मग मुल्ला दाऊद बेदरीचे काय?

१३४७ साली दौलताबादला बहमनी राज्य उभे राहिले. आपला बीड परिसर त्याच राज्यात होता. त्या दरबारच्या मुल्ला दाऊदने फारसीत ‘तुहफत-उस-सलातीन’ ही तवारीख लिहिली. ती आज उपलब्ध नाही. तरीही इतिहासकार तिला मानतात, कारण सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या आदिलशाहीत लिहिणाऱ्या फरिश्ताने तिचा आधार घेतला.

बिदरच्या बादशहाने अमृतनाक महाराला बावन्न हक्कांची सनद दिली, ही आपली परंपरा मात्र लगेच दंतकथा ठरते. आमचे म्हणणे एवढेच की दोन्हींना कसोटी एकच लावा. फरिश्ताही तपासून वाचावा लागतो आणि आपली परंपराही. तपासताना तिचे गौरवगान करायचे नाही. याच हक्कांच्या नावाखाली गावकीची वेठबिगारी पिढ्यान्‌पिढ्या लादली गेली. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन बिल मांडले.

दाऊदपाशी लेखणी होती, दरबार होता, पुढे फरिश्ताही मिळाला. ज्यांना अक्षरच नाकारले गेले, त्यांचे कोण लिहिणार?

उमापूर असो की दुसरे कुठलेही गाव, वतनाचे जुने कागद, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, आयाबायांच्या ओव्या आजच नोंदवा. सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख लिहा. ही माणसे गेल्यावर आपल्यासाठी कोणी फरिश्ता येणार नाही.

जय भीम!