नेपाळ प्रवास : पूर्वतयारी

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. त्यामुळे काठमांडू-पोखरा-मुक्तिनाथला निघणारे अनेक मराठी यात्रेकरू तयारीही बेताचीच करतात. कागदपत्रांपुरते ते चालते. उंचीच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते.

विमानप्रवासासाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मूळ मतदार ओळखपत्र लागते. आधारकार्ड 15 वर्षांखालील मुले आणि 65 वर्षांवरील ज्येष्ठ यांनाच चालते. 1993 पासून 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी रुपये हा दर कायम आहे. मोठ्या भारतीय नोटांचे नियम बदलत असल्याने ते निघण्यापूर्वी पाहावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हा काळ उत्तम. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद पडतात. आपल्या नवरात्राच्या सुमारास येणाऱ्या दशैंत कार्यालये बंद आणि बस भरलेल्या असतात.

पोखरा सुमारे 800 मीटर उंचीवर आहे, जोमसोम 2,700, तर मुक्तिनाथ 3,700. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असल्याने प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. शरीराला याची सवय व्हायला वेळ लागतो आणि जीपने झपाट्याने वर गेल्यास तोच मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे ही उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणे; धडधाकट तरुणही त्यातून सुटत नाहीत. म्हणून जोमसोम किंवा कागबेनीला किमान एक मुक्काम करावाच. 3,000 मीटरच्या वर पायी जाणाऱ्यांनी मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. या त्रासावरची अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णाला खाली आणावे. गोळ्या किंवा ऑक्सिजनचा सिलिंडर हा त्याला पर्याय नव्हे.

मुक्तिनाथच्या 108 धारांचे पाणी बर्फासारखे गार असते. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी तेथे पूर्ण स्नान टाळून पाणी अंगावर शिंपडावे; श्रद्धेला त्याने उणेपणा येत नाही. प्रवासविमा घेताना या उंचीवरून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात धरला आहे ना, हे वाचून खात्री करावी.

काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारी जोराचे वारे सुटतात, म्हणून पोखरा-जोमसोम विमाने सकाळीच उडतात आणि हवा बिघडली की रद्द होतात. काठमांडूहून परतीचे तिकीट काढताना मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा.